भरवसा

कुपवाडला खोली दाखवताना काकूंनी नळ, मोरी, खिडकी यांपैकी काही दाखवायच्या आधी मला अट सांगितली. संध्याकाळी साडेसात ते नऊ त्यांचं दार वाजवायचं नाही. वाजवलंच तर आत येऊन बसायचं, आणि बसलं की "मागं काय झालं?" असं विचारायचं नाही. मी फलटणहून आलेली, एका कारखान्याच्या तपासणी विभागात नुकतीच लागलेली, एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात बादली. मी सगळ्याला हो म्हटलं. पुढची साडेचार वर्षं मी त्या घराच्या वरच्या खोलीत राहिले आणि त्यातल्या बहुतेक संध्याकाळी खालच्या खोलीत काढल्या.

काकू म्हणजे माझ्या घरमालकीण. माहेर कुंडलचं, शिक्षण सातवी, वय तेव्हा साठीच्या जरा अलीकडे. त्यांचे मालक, म्हणजे काका, कुपवाडच्याच एका वर्कशॉपमध्ये तीसेक वर्षं लेथवर उभे राहून निवृत्त झालेले. एकुलता मुलगा फौजेत, वर्षातून एकदा सुट्टीला यायचा. घरात माणसं दोन आणि टीव्ही एक, आणि तिघांत जास्त बोलायचा टीव्हीच.

काकू मालिका म्हणत नसत, "शिरेल" म्हणत. बाकीच्या बायका शिरेल बघायच्या, काकू ती तपासायच्या. मी दिवसभर कारखान्यात पार्ट तपासून यायचे आणि संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसायचे. खरं सांगायचं तर आमच्या दोघींत त्यांची तपासणी जास्त कडक होती. एका शिरेलीत सासू-सुनेचं भांडण सातशे भाग चाललं होतं. सासू बरोबर की सून, यावर गल्लीत वाद व्हायचे. काकूंचा आक्षेप वेगळाच होता. सातशे दिवसांत त्या घरातून एकदाही दळणाचा डबा बाहेर पडला नव्हता. "ही खात्यात काय?" असं त्या जाहिराती लागल्या की मला विचारायच्या.

त्यांना तारखा आठवत नसत, पण कुठली गोष्ट कुठल्या शिरेलीच्या वेळी घडली हे पक्कं सांगता यायचं. मुलगा भरती झाला तो "ती सासू जिन्यावरनं पडल्याली तवा". वरच्या खोलीवर स्लॅब पडला तो डॉक्टरीणबाईच्या शिरेलीत. अशा हिशेबाने त्यांनी मला गेल्या वीस-पंचवीस वर्षांची हकिगत ऐकवली होती. आधीच्या शिरेलीत सून नुसती सोसायची आणि देवघरात जाऊन रडायची. मग तिला नोकरी लागली, पण डबा भरूनच ती बाहेर पडायची. मग एकीनं घटस्फोट मागितला, आणि पहिल्यांदाच मागणारी बाई वाईट दाखवली नाही. मग एकीनं आपल्या विधवा सासूचं दुसरं लग्न लावून दिलं, त्या आठवड्यात गल्लीत दोन तट पडले आणि हळदी-कुंकवाला निम्म्याच बायका आल्या.

मी तेव्हा स्वतःला फार शहाणी समजायचे. मी म्हणायचे की समाजात गोष्ट होऊन जुनी झाली की मग ती टीव्हीवर येते. गल्लीतल्या बायकांचं म्हणणं उलटं, शिरेली बघूनच पोरी बिघडतात. काकू दोन्हीकडचं ऐकून घ्यायच्या आणि बहुतेक वेळा माझ्या बाजूला यायच्या, ते माझ्यामुळे नव्हे तर त्यांच्या भाचीमुळे. कुंडलच्या या भाचीनं लग्नात नाव बदलून घ्यायला नकार दिला. ताटात तांदूळ पसरून तयार होते, नवऱ्यामुलाच्या बोटात अंगठी होती, आणि ही म्हणाली, लिहायचं तर आहे तेच नाव लिही. मांडवात सगळ्यांनी शिरेलीला शिव्या घातल्या. काकूंनी तिथेच सांगितलं, "तिनं शिरेल कवा बगितली? ती तवा परीक्षेचा आब्यास करत हुती. शिरेलवाल्यांनीच असल्या पोरी बगून लिव्हलं आसंल." त्यांच्या स्वतःच्या लग्नात मात्र तांदळावर नवं नाव लिहिलं गेलं होतं आणि त्यांनी ते निमूट घेतलं होतं. जुनं नाव काय होतं, असं मी विचारलं, तर "हुतं कायतरी" म्हणून त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती.

शिरेल बघताना काकूंचा हात मधूनच डोक्याकडे जायचा आणि त्या पदर पुढे ओढून घ्यायच्या. कधी एकदा, कधी एका भागात चारदा. आधी मला वाटलं, पंख्याचं वारं लागत असेल. मग वाटलं, मोठी माणसं पडद्यावर आली की त्या मान देत असतील. पण खलनायिका बोलत असतानाही पदर वर जायचा. दुसरी गोष्ट अशी की त्या 'भरवसा' हा शब्द फार वापरायच्या. पावसाचा भरवसा नाही, गवळ्याचा भरवसा नाही, इथवर ठीक होतं. पण एकदा त्या मला आदल्या दिवशीचा भाग सांगताना म्हणाल्या की, त्या बाईनं तिचा मोठा भरवसाघात केला. मी हसले, त्या हसल्या नाहीत.

तीनेक महिन्यांनी काकांच्या नावाचं टपाल माझ्या हातात पडलं आणि सगळा उलगडा झाला. काकांचं नाव विश्वास.

आता मराठी शिरेलीत या शब्दाशिवाय कुणाचं पान हलत नाही. बायको नवऱ्याला म्हणते माझा तुझ्यावर विश्वास आहे, नवरा म्हणतो मला तुझ्यावर विश्वास नाही, सासू म्हणते विश्वासानं किल्ल्या दिल्या होत्या. काकूंच्या कानावर त्यांच्या मालकांचं नाव रोज संध्याकाळी परक्या बायका टाकत होत्या, आणि काकू आपल्या घरी बसून पदर सावरत होत्या. सणासुदीचा उखाणा सोडला तर लग्नापासून त्यांनी ते नाव घेतलं नव्हतं. उखाण्यात चालतं, कारण तिथे नाव घेतलं तरी ती हाक नसते. हाक मारायची ती "आवं".

काकाही काही कमी नव्हते. त्यांनीही काकूंचं नाव कधी घेतलं नाही, "ऐकलं का" एवढ्यावर संसार केला. शिरेल त्यांना बघायची नसायची, म्हणून ते बाहेर पायरीवर पेपर घेऊन बसायचे आणि नऊला बातम्या लावायला आत यायचे. पण सकाळी चहा पिताना ते समोरच्या भिंतीला विचारायचे, "त्या पोरीची बदली थांबली का?" आणि काकू चुलीकडे तोंड करून सगळा भाग सांगायच्या. काकूंच्या हाकेला पहिल्या झटक्यात ओ देणं मात्र त्यांच्या तत्त्वात बसत नसे. आवं, आवं, आवं, अशा तीन हाका व्हायच्या, आणि तिसरीला पेपर खाली यायचा.

मी तिथे असताना एक नवी शिरेल सुरू झाली. तिच्यातली नायिका सासूसमोर नवऱ्याला सरळ नावानं हाक मारायची, वर 'तू' म्हणायची. गल्लीतल्या बायकांना ते अगदीच सहन होईना. काकू एकट्या तिच्या बाजूनं भांडल्या. "घिऊ द्या की नाव. ठिवलंय कशाला, आधार कार्डाला?" असं त्या पाचसहा जणींना तोंडावर म्हणाल्या. नंतर मी हळूच विचारलं, मग तुम्ही का घेत नाही? शेंगा सोलता सोलता त्या म्हणाल्या की जिभेला सवयच नाही. त्या पोरीला जमतं याचा त्यांना हेवा वाटतो, हेही त्यांनी सरळ सांगितलं.

चौथ्या वर्षी एका सकाळी काका पाण्याची मोटर चालू करायला वाकले आणि तिथेच बसले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. शेजाऱ्यांनी रिक्षा आणली, आम्ही त्यांना मिरजेला नेलं. दवाखान्याच्या खिडकीवर पेशंटचं नाव विचारलं तेव्हा काकूंनी आधार कार्ड पुढं केलं. आतली मुलगी म्हणाली, तोंडी सांगा, मी लिहून घेते. काकू म्हणाल्या, "त्यावर लिव्हलंय त्येच हाय." शेवटी नाव मीच सांगितलं.

बारा दिवसांनी काकांना घरी आणलं. जिवाची भीती टळली होती, पण माणूस आपल्यातच कुठेतरी आत जाऊन बसला होता. तोंडात घातलेलं गिळायचे, बाकी डोळे मिटलेले. डॉक्टरांनी सांगितलं की पुढचे काही आठवडे महत्त्वाचे आहेत, या दिवसांत जेवढं परत येईल तेवढं आपलं. रजा काढून आलेला मुलगा रजा संपली तसा परत गेला. व्यायाम करवून घ्यायला रोज सकाळी एक मुलगी यायची. तिनं पहिल्याच दिवशी काकूंना सांगितलं, आजोबांना नावानं हाक मारा, दिवसातून दहा-बारा वेळा, ओळखीच्या आवाजात. तिनं स्वतः "विश्वासराव, डोळे उघडा" असं म्हणून पाहिलं, पण परक्या आवाजाला काका काही हलले नाहीत.

काकूंनी "आवं" सुरू केलं. सकाळी आवं, दुपारी आवं, पाणी पाजताना आवं. काहीच होईना. होणार तरी कसं? त्या हाकेला काकांनी धडधाकट असताना कधी लगेच ओ दिली नव्हती. ती मुलगी रोज म्हणायची, नाव, काकू, नाव. शेवटी काकूंनी एका सकाळी मन घट्ट केलं, पदर घेतला, पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या आणि उखाणा म्हटला.

"कृष्णाकाठच्या रानात उसाला आला तुरा, विश्वासरावांच्या संगतीनं संसार झाला पुरा."

म्हणून झाल्यावर 'पुरा' शब्दाचा अर्थ त्यांच्या ध्यानात आला आणि त्यांनी जीभ चावली. काका त्याआधीच घोरत होते. ती मुलगी बिचारी म्हणाली, काकू, छान आहे, पण मला कविता नको, हाक पाहिजे.

या सगळ्यात टीव्ही तीन आठवडे बंद होता. मग एका संध्याकाळी साडेसातला काकूंनी तो लावला, म्हणाल्या, त्यास्नी करमंल. नवऱ्याला नावानं हाक मारणाऱ्या त्या नायिकेचं प्रकरण कोर्टात गेलं होतं. तिनं नोकरी सोडावी म्हणून सासरचे हटून बसले होते आणि नवरा त्यांच्या बाजूला गेला होता. ती त्याला म्हणाली, "माझा तुझ्यावर विश्वास होता." काकूंचा हात सवयीनं पदराकडे गेला आणि तसाच अर्ध्यात राहिला. काकांचे डोळे उघडले होते. त्यांनी मान एवढीशी वळवून टीव्हीकडे पाहिलं, आणि पुन्हा डोळे मिटले. आम्ही दोघींनी ते पाहिलं. काकूंनी आवाज मोठा केला.

त्या दिवसापासून काकू शिरेलीत तो एक शब्द ऐकायला बसू लागल्या. पण लिहिणाऱ्यांना काय त्याचं? त्यांनी नेमकं धाकट्या दिराचं लग्न काढलं आणि चार दिवस संगीताचा कार्यक्रम चालवला. काकू संतापून म्हणाल्या, "चार दिस झालं नुसती नाचत्यात. एकाला बी कुणाचा भरवसा नगो?" पाचव्या दिवशी कोर्ट पुन्हा भरलं, शब्द दोनदा आला आणि काकांनी दोन्ही वेळा डोळे उघडले. मग मी मोबाईलवर तोच भाग शोधला आणि तेवढंच वाक्य पुनःपुन्हा लावलं. दोनदा त्यांनी पाहिलं, तिसऱ्यांदा डोळे मिटून घेतले. रिपीट भाग त्यांना पहिल्यापासून आवडत नसत.

दुसऱ्या दिवशी हे ऐकून व्यायामाची मुलगी खूश झाली. ऐकू येतंय, कळतंय, म्हणाली. मग काकूंकडे वळून म्हणाली, पण टीव्हीतली बाई त्यांची कोण लागते? तुम्ही मारा ना.

त्या संध्याकाळी मी काकूंवर चिडले. गल्लीभर त्या नायिकेसाठी भांडता आणि स्वतःच्या माणसासाठी एक शब्द तोंडातून निघत नाही, असं मी बोलून गेले. काकू रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "खरं हाय तुजं. तू मारून बग."

मी तरातरा पलंगाजवळ गेले, तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, "काका." पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा काका. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला मी नुसत्या नावानं कशी हाक मारणार? तिथे उभं राहून माझ्या लक्षात आलं की हे कुणालाच जमण्यासारखं नाही. काकांची आई गेली, थोरला भाऊ गेला, बहीण गेली. मुलगा आबा म्हणायचा, गल्ली काका म्हणायची, वर्कशॉपमधली माणसं मिस्त्री म्हणायची. त्यांना नुसत्या नावानं हाक मारणारं माणूस जगात उरलंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि काकूंना बोलले त्याची लाजही वाटली.

त्यानंतर दोनच दिवसांनी शिरेलीत कोर्टाचा निकाल लागायचा होता. काकूंनी सकाळपासून हिशेब मांडला होता की आज शब्द किमान चारदा यायला हवा. काकांना त्यांनी पाठीमागे दोन उशा लावून बसतं केलं. साडेसातला टीव्ही लावला तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. गल्लीच्या तोंडाला गटारीसाठी खणत होते, तिथे केबल तुटली होती. काकूंनी केबलवाल्याला तीनदा फोन केला. तो म्हणाला, उद्या बघतो. काकूंनी टीव्ही बंद केला.

पावणेआठ झाले. काका डोळे मिटून बसले होते. काकू पलंगाच्या काठावर टेकल्या आणि मला म्हणाल्या, आज ती काय बोलली असंल? मी म्हटलं, निकाल तिच्या बाजूनं लागला असणार, नवरा माफी मागत असणार आणि ती नेहमीचंच वाक्य बोलत असणार.

काकूंनी पदर डोक्यावरून घेतला. काळ्या टीव्हीकडे तोंड केलं आणि शिरेलीतल्या बायका बोलतात तसल्या शुद्ध भाषेत, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "माझा तुझ्यावर..." आणि थांबल्या. मला वाटलं, राहिलं. मग शुद्ध भाषा गेली, टीव्हीकडचं तोंड वळलं, आणि त्या काकांकडे बघून आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "इस्वास."

पाठ केलेला उखाणा सोडला तर त्यांच्या तोंडी तो शब्द असा येतो हे मला, आणि बहुधा त्यांनाही, तेव्हाच कळलं.

"इस्वास. ए इस्वास. बग की माज्याकडं."

काकांनी डोळे उघडले. टीव्हीकडे नाही, सरळ काकूंकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. वाकड्या झालेल्या ओठांची हालचाल झाली आणि घशातून आवाज आला, "ओ."

काकूंनी पदराचा बोळा तोंडावर धरला आणि त्या रडल्या. मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मग त्यांनी डोळे पुसले, पदर नीट केला आणि त्या एकदम परत आपल्या जागेवर आल्या. "आवं, मग इतकं दिस आवं आवं करत हुते, तवा काय कानात बोळं घातलं हुतं व्हय?"

नंतरचं हळूहळू झालं. 'ओ'नंतर 'च्या' आला, मग 'नगो' आला, आणि 'नगो' आल्यावर काका घरी आले असं काकूंनी जाहीर केलं. पाच-सहा महिन्यांनी मला साताऱ्याला नोकरी लागली आणि मी खोली सोडली. तोवर काका काठी घेऊन पायरीपर्यंत जाऊ लागले होते. ते नाव मात्र मी काकूंच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर मी नवऱ्याला घेऊन त्यांना भेटायला गेले. ती शिरेल कधीच संपली होती. शेवटी सगळे एकमेकांना माफ करून फोटो काढायला उभे राहिले, ते काकूंना पटलं नव्हतं. घाईनं गुंडाळली, म्हणाल्या. आता नवी लागली होती, तिच्यातली नायिका बाळाला आडनाव कुणाचं लावायचं यावर भांडत होती आणि काकू तिच्या बाजूला होत्या. मी नवऱ्याला नावानं हाक मारते हे ऐकून त्यांनी मला काही विचारलं नाही, त्यालाच विचारलं की ओ लगेच देता का. तो म्हणाला, बहुतेक वेळा. काकूंनी त्याच्या ताटलीत आणखी एक लाडू ठेवला.

काका बाहेर पायरीवर पेपर वाचत होते. काकूंनी आतून हाक मारली, "आवं, पावणी आल्यात." पेपर हलला नाही. "आवं." पेपर तसाच. पूर्वी इथे तिसरी हाक यायची. काकूंनी हात पदराला पुसले, उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "नाव घिऊ का?"

पेपरमागून लगेच आवाज आला, "ओ."